आर्लेकिनोला आजच्या काळात आणायचं, तर त्याची भूक कुठे ठेवायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमची छोटी हौशी नाट्यसंस्था आहे. येत्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी कार्लो गोल्दोनीचं 'दोन धन्यांचा नोकर' मराठीत करायचं घाटतंय. मूळ नाटक अठराव्या शतकातल्या व्हेनिसचं, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते उलट्या वाटेने भेटलं. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळे घरात अडकलेले असताना लंडनच्या नॅशनल थिएटरने 'वन मॅन, टू गव्हनर्स' आठवडाभर यूट्यूबवर फुकट ठेवलं होतं. आम्ही आपापल्या घरी ते पाहिलं आणि रात्री उशिरापर्यंत फोनवर हसत बसलो. मग कळलं की रिचर्ड बीनने गोल्दोनीचंच नाटक उचलून १९६३ च्या ब्रायटनमध्ये नेऊन ठेवलंय, आणि जेम्स कॉर्डनचा तो फ्रान्सिस हेन्शल म्हणजे मुळातला त्रुफाल्दिनो, म्हणजेच आर्लेकिनो.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बिआत्रिचे ही तरुणी मेलेल्या भावाचा वेश घेऊन, त्याचं येणं वसूल करायला पांतालोने या व्यापाऱ्याकडे येते. ज्याच्याशी झालेल्या भांडणात भाऊ गेला, तो फ्लोरिंदो तिचा प्रियकर. तोही पळून व्हेनिसलाच आलाय. दोघं एकाच सराईत उतरतात, एकमेकांचा पत्ता दोघांनाही नाही, आणि त्रुफाल्दिनो दोघांकडेही नोकरी धरून बसतो.

आमचा विचार असा की त्रुफाल्दिनोला आजचा डिलिव्हरी बॉय करावा. दोन कंपन्या, दोन टी-शर्ट, दोन मोबाइल. दिवसभर लोकांचं जेवण पोचवतो आणि स्वतः उपाशी. प्रेक्षकाला लगेच कळेल असं वाटतं. पण संहिता लिहायला बसलो की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गाडी अडते आणि कारण सापडत नाही. दुसरं म्हणजे मुखवटा वापरावा की नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत. मुख्य भूमिकेतला मुलगा मल्लखांब खेळलेला आहे, कोलांट्या, उड्या त्याला सहज जमतात, त्यामुळे ती बाजू भक्कम आहे. आपल्यापैकी कोणी हे पात्र रंगमंचावर पाहिलंय का? काय सांभाळायला हवं?

हलगी

कृष्णाकाठ, नाटक झकास निवडलंय. मी तमाशाच्या अंगाने बोलतो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

तुमचा हा त्रुफाल्दिनो मला आपल्या सोंगाड्याच्या भावकीतला वाटतो. संहितेत दोन ओळी असतात, सोंगाड्या त्याच्या वीस करतो. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. त्यात दादा कोंडके समोरचा प्रेक्षक बघून नवं काही घालायचे, म्हणून तेच नाटक लोक पुन्हा पुन्हा बघायला जायचे. तेव्हा उड्यांच्या मागे लागू नका. पोराला बतावणी शिकवा. गावातलं ताजं काही झालं असेल तर ते त्याच्या तोंडी आलंच पाहिजे. धनी समोर उभा असताना नोकर प्रेक्षकाकडे वळून जे बोलतो, त्यात सगळं नाटक आहे.

मुखवटा नको. आपल्याकडे सोंगाड्याचा चेहरा लोकांना दिसावा लागतो.

तिसरी घंटा

हलगीकाका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. तरी थोडं वेगळं मांडते. पुण्यात असताना मी प्रायोगिक नाटकांतून कामं केली. लग्नानंतर इटलीत बेर्गामोला आले आणि इथेच राहते. हे पात्र ज्या गावचं म्हणून ओळखलं जातं ते हेच गाव, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेर्गामोचे दोन भाग आहेत. डोंगरावर तटबंदीतलं जुनं शहर आणि खाली सपाटीवरचं. इथली माणसं सांगतात की जुन्या इटालियन नाटकांतल्या नोकरांपैकी चलाख ब्रिगेल्ला वरचा आणि भोळा आर्लेकिनो खालचा. उत्तरेला ब्रेंबाना नदीखोऱ्यात ओनेता नावाची वाडी आहे. तिथलं एक जुनं दगडी घर 'आर्लेकिनोचं घर' म्हणून दाखवतात. घराची आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्या खोऱ्याचा इतिहास खरा आहे. जमीन डोंगराळ, पिकायचं थोडं, खाणारी तोंडं जास्त. बेर्गामो साडेतीनशेहून अधिक वर्षं व्हेनिसच्या राज्यात होतं, त्यामुळे इथले पुरुष व्हेनिसच्या धक्क्यांवर हमाली करायला जायचे. अंगात ताकद, बोलीला डोंगरी हेल, शहराच्या रीतींची माहिती नाही. व्हेनिसचे लोक त्यांना हसायचे. कोम्मेदिया देल्लार्ते, म्हणजे मुखवटे लावून करायच्या जुन्या इटालियन विनोदी नाटकांतला नोकर या हमालांवरून घडला. त्याच्या अंगावरची ठिगळं आज रंगीत चौकटींची नक्षी होऊन बसलीत, पण मुळात ती फाटकं सांधायला लावलेली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: हे पात्र भुकेवर चालतं. उड्या, विनोद, प्रेक्षकांशी गप्पा हे सगळं भुकेतून येतं. भूक खरी वाटली नाही तर तुमचा मल्लखांबपटू टाळ्या घेईल, पण त्रुफाल्दिनो उभा राहणार नाही.

गोल्दोनीने हे किती बारकाईने लिहिलंय ते बघा. पहिल्या अंकात त्रुफाल्दिनोच्या गोंधळामुळे एका धन्याचं पत्र दुसऱ्या धन्याच्या हाती पडतं आणि तो ते उघडतो. ते पुन्हा चिकटवायला हवं. तो युक्ती काढतो: पाव चावून त्याचा लगदा करायचा आणि लावायचा. पाव तोंडात घालतो, चावतो, आणि गिळून टाकतो. पुन्हा घेतो, पुन्हा पाव घशाखाली. त्याचा तसा इरादा नसतो, तो अगदी मनापासून पत्र चिकटवायला बसलेला असतो. घसाच ऐकत नाही. एवढ्या एका क्रियेत पात्राची सगळी ओळख आहे आणि तोंडातून शब्द निघायची गरज नाही. तालमीची सुरुवात इथून करा. तुमच्या मुलाला हे जमलं की पुढचं बरंच सोपं होईल.

दुसऱ्या अंकातला जेवणाचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. दोन खोल्या, दोन धनी, एकच स्वयंपाकघर, आणि मधे हा पळतोय. पण त्याच्या आधीची एक जागा मला जास्त आवडते. ताटं कशी मांडायची ते या नाटकात सराईचा मालक असलेल्या ब्रिगेल्लाला दाखवायला त्रुफाल्दिनो जमिनीवर बसतो आणि हातातला कागद फाडून एकेक तुकडा ठेवत जातो: इथे सार, इथे मटण. तो कागद म्हणजे धन्याने जपून ठेवायला दिलेली हुंडी! त्याला वाचता येत नाही, पण प्रश्न नुसता अक्षरओळखीचा नाही. जेवणाचा विषय निघाला की त्याला हुंडी दिसत नाही, ताट दिसतं. तुमच्या रूपांतरात या प्रसंगाला जागा मिळते का ते तपासा. मिळत नसेल तर काळ आणि व्यवसाय चुकीचा निवडलाय असं समजा.

आता रंगमंचावर पाहिलेल्याबद्दल. मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोने १९४७ साली, स्थापनेच्या वर्षातच, हे नाटक केलं. दिग्दर्शक ज्योर्ज्यो स्ट्रेलर. त्याने नावात 'आर्लेकिनो' घातलं, कारण जगाला तेच नाव ओळखीचं. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. समोर बसलेल्या माणसांना रिकामं पोट म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. मार्चेल्लो मोरेत्ती हा पहिला आर्लेकिनो. तो १९६१ साली गेला आणि त्यानंतर फेरुच्चो सोलेरी १९६३ पासून २०१८ पर्यंत ही भूमिका करत राहिला. मी त्याला पाहिलं तेव्हा त्याचं वय बरंच झालेलं होतं. त्याचा माशीचा प्रसंग असा: आर्लेकिनो उपाशी बसलाय, माशी घोंगावते, तो सगळं अंग आवळून तिचा माग काढतो, झडप घालतो, मुठीतली माशी न्याहाळतो, आणि खातो. खाताना चेहरा वेडावाकडा करून हशा मिळवणं सोपं होतं. तो चवीने खातो. शेजारी बसलेल्या इटालियन आजी हसता हसता एकदम थांबल्या आणि पुन्हा हसल्या, ते मला नीट आठवतंय. जेवणाच्या प्रसंगात थरथरणारं पुडिंग घेऊन तो धावतो तेव्हा पुडिंगची थरथर त्याच्या पोटऱ्यांत, खांद्यांत, मानेत उतरते. त्या कसरतीचं शिक्षण त्याने वर्षानुवर्षं घेतलेलं होतं, पण बघताना जाणवते ती फक्त पुडिंग सांडेल ही भीती.

मुखवट्याबद्दल. मोरेत्तीलाही सुरुवातीला मुखवटा नको होता. तो चेहरा काळा रंगवून उभा राहायचा. नंतर आम्लेतो सार्तोरी या शिल्पकाराने जुनी कला शोधून काढून चामड्याचे मुखवटे घडवले. चामडं घामाबरोबर चेहऱ्याला धरतं. तेव्हा कुठे मोरेत्तीचं मुखवट्याशी जमलं. हा अर्धा मुखवटा असतो, तोंड मोकळं. डोळे जवळजवळ झाकलेले, त्यामुळे बघायचं ते सगळं मानेने. काका म्हणतात चेहरा दिसावा लागतो. इथे चेहऱ्याचं काम मान आणि तळपाय करतात. ते शिकायला महिने लागतात. तुमच्याकडे एवढा वेळ असेल तर करा. वेळ नसेल तर पुठ्ठ्याचा मुखवटा लावून ऐनवेळी उभं राहू नका, नटाचा आवाज आणि चेहरा दोन्ही जातील. कॉर्डनने मुखवटा घेतला नाही आणि त्याचं काही अडलं नाही. मुखवट्याचं एक देणं मात्र सांगते. शेवटी नमस्काराला सोलेरीने तो काढला आणि आत म्हातारा माणूस निघाला, तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून होतं आणि मग टाळ्या थांबेनात.

वोल्गाकाठचा डॉक्टर

तिसरी घंटाताई, वाचताना अंगावर काटा आला. मी रशियात वैद्यकीय शिक्षण घेतलं. आमच्या हॉस्टेलच्या मावशींना सोव्हिएत काळातले संगीतपट फार प्रिय. त्यांच्याबरोबर बसून 'त्रुफाल्दिनो इझ बेर्गामो' पाहिला. १९७६ सालचा, दूरचित्रवाणीसाठी केलेला दोन भागांचा चित्रपट, व्लादिमिर वोरोब्योव दिग्दर्शक. त्रुफाल्दिनो झालाय कोन्स्तान्तिन राइकिन. त्याची गाणी मिखाईल बोयार्स्कीच्या आवाजात आहेत.

राइकिनला मुखवटा नाही. त्याचा चेहराच एवढा लवचिक आहे की पापणी हलली तरी विनोद होतो. तो सडपातळ, चपळ, नुसता स्प्रिंगवर चालल्यासारखा. ताई म्हणतात ती भूक तिथे थोडी मागे पडते आणि हुरूप पुढे येतो. हा नोकर दोन नोकऱ्या धरतो त्या 'जमतंय का बघू तरी' म्हणून. मला ते खोटं वाटलं नाही. गोल्दोनीतही तसं काही आहे ना?

पांतालोनेच्या घरची मोलकरीण स्मेराल्दिना, जिच्यावर त्रुफाल्दिनोचा जीव जडतो, ती झालेली नताल्या गुंदारेवा मात्र विसरता येत नाही. तिच्यापुढे त्रुफाल्दिनो उभा राहिला की त्याची सगळी हुशारी गळून पडते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपवर मोठ्याने वाचून दाखवला. पावाचा प्रसंग मुलाने लगेच करून पाहिला, आणि खोलीत पहिल्यांदा शांतता झाली.

पण डिलिव्हरी बॉयची कल्पना सोडवत नाही. आमच्यातला एक जण खरोखर हे काम करतो. रात्री अकराला दुसऱ्याची बिर्याणी पाठीवर घेऊन दोन जिने चढायचे आणि स्वतः वडापाववर भागवायचं, हे तो सांगतो तेव्हा तुम्ही म्हणता तीच भूक दिसते. मग संहिता का अडते?

शिवाय ब्रायटनच्या नाटकात मध्यंतरानंतर फ्रान्सिस पोटभर जेवलेला असतो. तरी नाटक चालतंच. तिथे काय करायचं?

तिसरी घंटा

तुमच्या मित्राची भूक खरी आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. अडतंय ते धन्यांपाशी.

अॅपला हात नसतात. त्रुफाल्दिनोला दोन्हीकडून मार बसतो, आणि मार बसेल ही भीती सतत त्याच्या पाठीवर असते. धनी हाक मारतो, तिथल्या तिथे हजर व्हावं लागतं. शेजारच्या खोलीतून दुसरा धनी हाक मारतो. दोन दारं, एक नोकर. दार उघडलं की संपलं. मोबाइलवर दोन ऑर्डरी वाजल्या तर एक नाकारता येते, आणि दोन कंपन्यांचं काम एकाच वेळी करणारी मुलं सर्रास दिसतात, त्यात लपवण्यासारखं फारसं नाही. गुपित गेलं, दारं गेली, मार गेला. मग तुम्ही दर पानावर नवी अडचण शोधत बसता, कारण मुळातली अडचण रंगमंचावर नाहीच. डिलिव्हरी बॉय ठेवायचाच असेल तर त्याला हाडामांसाचे दोन धनी द्या आणि दोघांना एकाच लॉजच्या एकाच मजल्यावर उतरवा.

बीनने हे फार नीट ओळखलं. फ्रान्सिस स्किफल बँडमधून हाकललेला, खिशात दमडी नाही. एक धनी गुंड, म्हणजे गुंड भावाच्या वेशातली रेचेल. दुसरा बोर्डिंग शाळेत वाढलेला श्रीमंत स्टॅन्ली. एकाची भीती गुन्हेगारीची, दुसऱ्याची भीती वर्गाची. दोघं एकाच पबमध्ये उतरलेले. १९६३ हे साल आणि ब्रायटन हे समुद्रकाठचं गाव त्याने शोभेसाठी निवडलेलं नाही. लंडनचा गुंड, पळालेला प्रेमिक आणि खिशाला भोक पडलेला बेकार पोरगा एका छपराखाली येऊ शकतील अशी ती जागा आहे.

आपल्याला तशी जागा हवी, तर माझ्या डोक्यात एक आहे. आवडली तर घ्या. तेच साल, मुंबई. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सराफांच्या गल्ल्यांत हाहाकार आणि चोरट्या सोन्याला भाव. पांतालोने म्हणजे जव्हेरी बाजारातला सराफ. बिआत्रिचे म्हणजे सोन्याची ने-आण करणाऱ्या मेलेल्या भावाच्या वेशात येणं मागायला आलेली बहीण. फ्लोरिंदोसाठी एखाद्या विलीन झालेल्या संस्थानातला, तनख्यावर जगणारा लाडावलेला धाकटा मुलगा चालेल. सांगलीकरांना तो माणूस उभा करायला अवघड जाऊ नये. हुंडीच्या जागी हुंडीच ठेवा, त्या बाजारात ती होतीच.

आणि त्रुफाल्दिनो म्हणजे जावळीच्या खोऱ्यातून आलेला, मशीद बंदरला ओझी वाहणारा हमाल. बेर्गामोच्या डोंगरातून व्हेनिसच्या धक्क्यावर गेलेल्या माणसाचा हा सख्खा भाऊ आहे. 'घाटी' म्हणून हसणारं शहर तेच, बोलीचा हेल तोच, गावाकडे पैसे पाठवायची तारीखही तीच. माथाडी कायदा १९६९ चा, म्हणजे १९६३ मध्ये त्याच्या मजुरीला कसलंही संरक्षण नाही. मुकादमाने उद्या बोलावलं नाही तर काम नाही. खानावळीत बाकी थकलेली, बाईने ताट बंद केलेलं. या माणसाने दुसरी नोकरी का धरली हे समजावून सांगणारं एकही वाक्य लिहावं लागणार नाही. तुमच्या डिलिव्हरीवाल्या मित्रालाच ही भूमिका वाचायला द्या. त्याला ती साठ वर्षं जुनी वाटणार नाही.

डॉक्टरसाहेब, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दोन धन्यांची चाकरी जमवून दाखवण्यात त्रुफाल्दिनोला आनंदही आहे, गोल्दोनीत तो अगदी स्पष्ट आहे. फक्त त्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पोट, मग 'मला जमतंय' हा अभिमान. ज्याला जन्मभर कोणी हुशार म्हटलेलं नाही त्याला हे जमतंय! तिथे प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो.

मध्यंतरानंतरचं. फ्रान्सिस चक्क प्रेक्षकांनाच विचारतो की आर्लेकिनो जेवला, आता पुढे त्याला काय हवं असणार. मग तो जिच्या मागे लागतो ती डॉली येते. हे बीनचं धाडस आहे, आणि कॉर्डनमुळे ते निभतं. मला व्यक्तिशः पहिला अर्धा भाग जास्त घट्ट वाटतो. पोट भरल्यावर फ्रान्सिसचा पाय थोडा जमिनीवरून सुटतो. गोल्दोनीत शेवटाकडे जे घडतं ते जास्त मोठं आहे. दोन्ही धन्यांच्या बाजूने आपापल्या नोकरासाठी स्मेराल्दिनाला मागणी घातली जाते. दोन नोकर आहेत असं सगळे समजतायत. एकाने माघार घेतली की लग्न मोडणार. तोवर तीन अंक त्रुफाल्दिनोने मार खाल्लाय, खोटं बोललाय, पास्क्वाले नावाचा नसलेला नोकर उभा करून सगळं त्याच्यावर ढकललंय. आणि आता तो स्वतःहून सांगतो की दोघांचाही नोकर मीच. कोणी पकडलेलं नाही. स्मेराल्दिनासाठी तो आपलं एकुलतं एक गुपित देऊन टाकतो. जो माणूस पाव चावताना स्वतःचा घसा आवरू शकत नव्हता, तो इथे स्वतःला आवरतो आणि खरं बोलतो. आधुनिक रूपांतरं या जागी घाई करतात, कारण सगळे जोडे जुळवून पडदा पाडायचा असतो. तुम्ही इथे थांबा. हशा थांबला तर थांबू द्या.

हलगी

ताईंचं सगळं वाचलं. हमालाची कल्पना मला पटली. जावळीकडची बोली पोराला येत नसेल तर महिनाभर तिकडे पाठवा, ऐकून शिकेल.

मुखवट्याचा हट्ट मी सोडत नाही, पण घसा ऐकत नाही ही गोष्ट आमच्या सोंगाड्यालाही शिकवायला हवी होती.

एक व्यवहाराचं सांगतो. आपल्याकडे प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्यामुळे पोरगा ऐनवेळी जे बोलणार त्याचा साचा आधीच लिहून ठेवा. कुठे थांबायचं, कुठल्या विषयावर बोलायचं, परत कुठल्या वाक्यावर यायचं. आम्ही बतावणीत हेच करायचो. लोकांना वाटायचं तोंडाला येईल ते बोलतोय.

तिसरी घंटा

काका, हे फार मोलाचं. गोल्दोनीचंही असंच झालं होतं. १७४५ साली तो पिसामध्ये वकिली करत होता. आंतोन्यो साक्की या नटाने मागणी केली म्हणून त्याने हे नाटक लिहून दिलं, पण पूर्ण लिहिलेले प्रसंग थोडेच, बाकी नुसता आराखडा. साक्की तेवढा मोठा नट होता, त्याने ते निभावलं. पुढे इतर नट त्यात काहीही घालायला लागले, तेव्हा गोल्दोनीने सगळं नाटक शब्दशः लिहून १७५३ साली छापलं आणि प्रस्तावनेत नटांना विनंती केली की स्वतःचं घाला, पण अचकटविचकट नको.

कृष्णाकाठ, हक्कांचंही आत्ताच बघून ठेवा. गोल्दोनी सगळ्यांचा आहे, बीन नाही. जिन्यावरून गडगडणारा म्हातारा वेटर आल्फी, प्रेक्षकांकडे सँडविच मागणं, पॅडी नावाचा काल्पनिक दोस्त, फ्रान्सिसची स्वतःशीच मारामारी, हे ब्रायटनच्या नाटकाचं आहे. मोह होईल, पण घेऊ नका. पाव, हुंडी, दोन पेट्यांतल्या वस्तूंची अदलाबदल, पास्क्वाले, हे मुळातलं आहे आणि तेवढं भरपूर आहे. अनुवाद इंग्रजी भाषांतरावरून करणार असाल तर त्या भाषांतरकाराची परवानगी लागते. मूळ इटालियन संहितेवरून करायचं असेल तर मला लिहा, मी अंकाअंकाने मराठीत कच्चा खर्डा करून पाठवीन.

कृष्णाकाठ

ताई, लिहितोच. डिलिव्हरी बॉय बाजूला ठेवलाय, १९६३ ची मुंबई पक्की. आमच्या डिलिव्हरीवाल्या मित्राने हमाल वाचला, आणि आता मल्लखांबवाला आणि तो अशी दोघांची चुरस लागलीय.

एक शंका उरलीय. जेवणाच्या प्रसंगात खरं अन्न वापरायचं का? स्पर्धेत पुढच्या संघासाठी रंगमंच लगेच स्वच्छ करून द्यावा लागतो.

तिसरी घंटा

सार आणि रस्सा खोटा चालेल, भांड्याचं झाकण उघडून वाफ दिसली नाही तरी नट वास घेऊन ती दाखवू शकतो. पण पत्राच्या प्रसंगातला पाव खरा हवा, आणि ताज्या लादीतला नको, आदल्या दिवशीचा घ्या. ताजा पाव तोंडात विरघळतो, चावावा लागत नाही. शिळा असला की चावायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात प्रेक्षकाला घसा हलताना दिसतो. नटाला प्रयोगाआधी पोटभर जेवू घालू नका, एवढं मात्र सांभाळा.